चढताना पाणी प्यायचंच!

थंडी सरत आली की सोमवारी दवाखान्यात ठरावीक गर्दी असते. रविवारी सहकुटुंब डोंगर चढून आलेल्यांची. कुणाचं डोकं ठणकतंय, कुणाच्या पोटऱ्यांत गोळे आलेत. पाणी किती प्यायलात, असं विचारलं की उत्तर एकच, "चढताना पाणी पिऊ नये म्हणतात ना, डॉक्टर?"

कोण म्हणतं?

गेल्या फेब्रुवारीत एक कुटुंब कळसूबाई उतरून थेट माझ्याकडे आलं. अकरा वर्षांचा मुलगा. ओठ सुकलेले, दोन उलट्या झालेल्या, सकाळपासून लघवी नाही. वडील म्हणाले, "घामसुद्धा आला नाही हो फारसा, वर गार वारा होता." शर्ट कोरडा होता खरा, पण कॉलरवर मिठाचे पांढरे डाग होते. आईने सॅक उघडून दाखवली. पाण्याच्या तीन बाटल्या भरलेल्या, तशाच. शिखरावर पोहोचल्यावरच प्यायच्या, असं ठरलं होतं.

कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. बारी गावातून वर जायला तीन-चार तास सहज लागतात. एवढा वेळ घाम येतच होता, फक्त वारा तो लगेच वाळवत होता. म्हणून गार हवेत फसगत होते: तहान कमी लागते, पण पाणी जातच राहतं.

हा समज आला कुठून? दम लागलेला असताना अर्धी बाटली घटाघट प्यायली, तर पोटात कळ येते, मळमळतं. चूक घटाघट पिण्याची होती, खापर पाण्यावर फुटलं. दर पंधरा-वीस मिनिटांनी थांबा आणि चार घोट घ्या. मोठ्या माणसाला तासाला साधारण अर्धा लिटर पुरतं, उन्हात थोडं जास्त. मुलं खेळण्याच्या नादात मागत नाहीत, त्यांना आठवणीने द्या. मात्र लिटरमागून लिटर नुसतं पाणीही पिऊ नका, रक्तातलं सोडियम घटतं. सोबत काहीतरी खारट खा. आजी-आजोबांना रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल किंवा हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

आता थोडं रागवतो. मोबाइलवर पाहून मिठाच्या गोळ्या चघळणं बंद करा. मुलांना एनर्जी ड्रिंक पाजू नका. ओआरएसची एक लिटरची पुडी पेलाभर पाण्यात कालवू नका, एवढं खारट पाणी मुलाला अपाय करतं. अख्खी पुडी, अख्खं लिटर पाणी, हाच हिशोब.

घाबरू नका, बहुतेकांना सावली, विश्रांती आणि घोट घोट ओआरएस एवढ्यानेच बरं वाटतं. पण माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, झटका आला किंवा अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात समजा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहू नका, चढणाऱ्याला उष्माघातातही घाम असू शकतो. तापाची गोळी इथे काम करत नाही. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगभर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जाईल. चढताना छातीत दाब आला, तर 'गॅस असेल' म्हणत पुढे जाऊ नका. तिथेच बसा आणि मदत मागवा.

त्या मुलाला आम्ही चमच्याचमच्याने ओआरएस दिलं. दोन तासांनी तो हळूच म्हणाला, "मला एकीला जायचंय." आईने डोळे पुसले. डोंगरावर जरूर जा, मुलांना घेऊन जा. फक्त भरलेल्या बाटल्या परत आणू नका.