वाळकं लाकूड आणि दोन कलश पाणी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीचा सप्ताह बसला की सहाव्या दिवशीच्या वाचनात श्रीगुरुचरित्राचा ४० वा अध्याय येतो. कुष्ठरोगानं गांजलेला नरहरी ब्राह्मण गाणगापुरी येतो. श्रीनृसिंहसरस्वती त्याला तिथल्या तिथं बरं करीत नाहीत. औदुंबराचं वाळकं लाकूड देतात आणि भीमा-अमरजेच्या संगमावर रोवून रोज तीन वेळा पाणी घालायला सांगतात. लोक हसतात. वाळक्या लाकडाला कुठं पालवी फुटते का? पण नरहरी कलश भरून आणीतच राहतो. शेवटी श्रीगुरु स्वतः येऊन कमंडलूतलं पाणी शिंपडतात. लाकडाला पालवी फुटते आणि नरहरीची कायाही शुद्ध होते.

हा अध्याय मी कैक वर्षं वाचला, पण कळला तो शेतात.

धाराशिवकडचं आमचं रान कोरडवाहू. त्या साली मुलीचं लग्न ठरलं होतं. मृगाचा एक पाऊस पडला आणि मी सोयाबीन पेरायला निघालो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हे ठाऊक होतं. मंडळी म्हणाली, "रोज पोथी वाचता न्हवं? मग एवढी घाई कशापायी?" मी ऐकलं नाही. पुढं पावसानं ओढ दिली आणि उगवलेलं करपून गेलं. लग्नासाठी ठेवलेले पैसे दुबार पेरणीत गेले. लग्न वर्षभर पुढं ढकलावं लागलं. व्याह्यांपुढं मान खाली घालून बसलो, ते अजून आठवतं.

तेव्हा देवावर रुसलो होतो. आज म्हणतो, पाऊस त्याच्या हातात होता, पण घाई माझी होती.

आपल्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. थापटण्यानं त्यांनी संतांची डोकी थापटली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरलं. नामदेव आधी रागावले. पण मग विसोबा खेचरांना शरण गेले. कच्चं म्हणजे टाकाऊ नव्हे, भाजायचं राहिलेलं. आवा पेटल्यावर कुंभार सारखा उघडून बघत नाही. मधेच काढलेलं मडकं पाण्यात विरघळतं.

म्हणून वाचकहो, धीर धरणं म्हणजे हात बांधून बसणं नव्हे. नरहरी बसून राहिला नव्हता. पाणी घालणं त्याचं काम, पालवी श्रीगुरूंचं. आपण या दोन कामांची गल्लत करतो. नोकरी, लग्न, दुखणं, कोर्टातला दावा, काहीही असो. आपला कलश चुकवायचा नाही आणि रोज लाकूड उपटून मूळ फुटलं का बघायचं नाही. मागितलेलं सगळंच मिळेल असंही नाही. पण पाणी घालता घालता माणूस आतून बदलतो, हा माझा अनुभव आहे.

पुढल्या साली मुलीचं लग्न साधेपणानं झालं. त्या मृगातही पाऊस लांबला होता. पाभर खोपटातच ठेवली, रान कुळवून तयार केलं आणि वीतभर ओल होईपर्यंत थांबलो.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥