नकाशावर रेषा दिसतात, चित्र दिसत नाही



शेजाऱ्याची, वाडवडिलांनी घालून दिलेली मेर सरकवू नये, अशी ताकीद अनुवाद १९:१४ मध्ये आहे. आपल्या पाड्यांवर आज ही मेर २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दाव्याच्या नकाशात उतरवावी लागते. त्यासाठी आपण दिलेल्या जुन्या संगणकांवर यूडिग ही मोफत नकाशा-प्रणाली वापरतो.

गेल्या पावसाळ्यात ग्रामसभेच्या आदल्या संध्याकाळी ती अडली. चालून घेतलेल्या हद्दीच्या रेषा दिसत होत्या, पण त्याखालचे उपग्रहचित्र कोरे. आमच्या कार्यकर्त्याने घाबरून प्रणाली तीनदा काढून पुन्हा टाकली. तिसऱ्यांदा हद्दीच्या बिंदूंचा फोल्डरही पुसला गेला. गावातले आजोबा पुन्हा दोन दिवस रानात चालले. म्हणून हा धडा.

दोष नकाशात नव्हता. यूडिग जावावर चालते. चित्रे हाताळायला तिला जावा अ‍ॅडव्हान्स्ड इमेजिंग, म्हणजे जेएआय, आणि तिचे जोडसंच जेएआय इमेज आय/ओ लागतात. सन कंपनीने हे संच मूळ जावात घातले नव्हते. ते वेगळे आणावे लागतात. रेषांचे काम बहुधा त्यांच्याविना भागते, चित्राचे भागत नाही.

आधी बिंदूंची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. मग चुकीचा संदेश शांतपणे वाचा. ‘क्लास सापडला नाही’ आणि पुढे ‘जेएआय’ असे असेल तर हाच आजार. ‘मीडियालिब’ मिळाले नाही, शुद्ध जावात पुढे चालतो, एवढेच असेल तर सोडून द्या. काम जरा सावकाश होते, अडत नाही.

विंडोजवर यूडिगच्या फोल्डरात तिची स्वतःची जावा ‘जेआरई’ नावाने येते, हे संच घालूनच. आमच्याकडे कोणीतरी जागा वाचवायला तीच पुसली होती! ती परत ठेवली की बहुतेक वेळा काम झाले. नाहीतर जेएआय १.१.३ आणि इमेज आय/ओ, यूडिग जी जावा वापरते तिच्याच ‘लिब’मधल्या ‘एक्स्ट’ फोल्डरात टाका. संगणकावर दोन-तीन जावा असतात, आणि चूक इथेच होते. जावा ९ पासून (२०१७) ही ‘एक्स्ट’ची सोयच काढली आहे, तेव्हा जुन्या प्रणालीखाली नवी जावा घालू नका. पाड्यावर नेट नसते. हे संच पेनड्राइव्हवर जवळ असू द्या.

आणि रात्रीपर्यंत चित्र उमटलेच नाही तर ग्रामसभा पुढे ढकलू नका. २०१२ च्या सुधारित नियमांप्रमाणे उपग्रहचित्र हा पूरक पुरावा आहे, ते इतर पुराव्यांची जागा घेत नाही. दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो. रेषांचा नकाशा घ्या, आजोबांना पुढे बसवा आणि जबाब लिहायला घ्या.