नाथसागराच्या काठावर जाताना

छत्रपती संभाजीनगरला पाहुणे आले की दोन गोष्टींचा हट्ट ठरलेला: देवगिरीचा किल्ला आणि पैठणच्या नाथसागरावरचे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो. अलीकडे अनेकांनी फ्रान्समधल्या कामार्गचे व्हिडिओ पाहिलेले असतात. समुद्रकाठची दलदल, पाणी उडवत धावणारे पांढरे घोडे, मागे गुलाबी थवे, जवळच मध्ययुगीन तटबंदीचं एग-मॉर्त गाव. तसंच काहीतरी इथे टिपायचं म्हणून मंडळी थेट पाण्याकडे धाव घेतात. माझी काळजी तिथून सुरू होते.

एका फेब्रुवारीत आमच्यासोबतचा भाचा असाच थव्याच्या दिशेने पळाला. जमीन वाळून भेगाळलेली, कुणालाही शेतच वाटावं. चार पावलांवर वरचा पापुद्रा फुटला आणि तो मांडीपर्यंत काळ्या गाळात गेला. एक पाय उपसावा तर दुसरा आणखी खोल. गाळपेऱ्यातल्या हरभऱ्यात काम करणारे एक काका ओरडले, “ए पोरा, हिसके देऊ नको, आडवा पड!” त्यांनी पऱ्हाट्यांचा भारा त्याच्यापुढे टाकला, त्यावर छाती टेकवून तो रांगत बाहेर आला. बूट गाळातच राहिले.

नाथसागर म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय. हे धरण १९७६ साली पूर्ण झालं, तेव्हापासून गोदावरीचा गाळ इथे साठतो आहे. पावसाळ्यानंतर पाणी ओसरतं तसा काठ मागे सरकत जातो. ऊन वरचा थर सुकवतं, खालचा ओलाच राहतो. त्यामुळे गेल्या आठवड्यात चाललेली वाट आज चालेलच असं नाही. जिथे पीक उभं आहे तिथवर जा, त्यापुढे गावातला माणूस सोबत असेल तरच. गाडी रस्त्यावरच ठेवा. होडीत बसायचं तर लाइफ जॅकेट मागा. नसेल तर बसू नका.

पक्ष्यांसाठी हाच चिखल अन्न आहे. रोहित उथळ पाण्यात चोच उलटी धरून गाळातलं बारीक खाद्य गाळून खातात. फोटोसाठी थवा उडवला की त्यांचं चरणं मोडतं. १९८६ पासून हे अभयारण्य आहे, हे विसरू नये. धरण काठोकाठ भरलेलं असलं तर उथळ जागा कमी उरतात, पक्षी लांब असतात. अशा वेळी दुर्बिणीतून दिसेल तेवढ्यावर समाधान मानावं. नाथषष्ठीच्या यात्रेच्या गर्दीत तर पक्ष्यांसाठी पैठणला येऊच नये.

देवगिरीला वेगळा दिवस द्या. तिथल्या अंधारीतून, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेतून, बॅटरी घेऊन, लहान मुलांचा हात धरून जायचं असतं. ते दमल्या पायांचं काम नव्हे.

आणि कामार्गचे घोडे? तेही पुरते रानटी नाहीत. त्यांना मालक आहेत, आणि त्यांना राखणारे ‘गार्दियां’ त्या दलदलीत पिढ्यान्‌पिढ्या वावरलेले आहेत. आपल्याकडे ती जाण काठावरच्या शेतकऱ्याला आणि मासेमाराला आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी पाणी कुठवर आहे ते त्यांच्यापैकी कुणाला तरी विचारा, आणि ते थांबा म्हणतील तिथे थांबा.