वीजबिलाच्या पाठीवर

डोंबिवली, रविवार

चि. सायलीस,


पेढे पोचले. ताईने फोनवर तीनदा सांगितलं, तुला शेअर बाजारावरचा सकाळचा शो, एकटी अँकर, समोर दोन तज्ज्ञ. मग तुझा मेसेज: "मामा, तू तीस वर्षं बाजारात काढलीस, काहीतरी सांग." टिपा द्यायचं मी केव्हाच बंद केलंय. तुझ्याच धंद्यातल्या एका माणसाबद्दल लिहितो. त्याला जमलं तर यूट्यूबवर बघ, आधी आवाज बंद करून आणि मग चालू करून.

जिम क्रेमर. अमेरिकेत सीएनबीसीवर २००५ च्या मार्चपासून 'मॅड मनी' नावाचा कार्यक्रम करतो. बाह्या दुमडलेल्या, समोर बटणांचं पॅनेल. एक दाबलं की बैल डुरकतो, दुसरं दाबलं की आणखी काही कोसळतं. फोन करणारा आधी "बूया!" म्हणून आरोळी ठोकतो आणि मग शेअरचं नाव घेतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आमच्या जत्रेतला मौत का कुआँवाला आठवला.

पण त्याला बाजारातलं कळत नाही असं कोणी म्हणालं तर ऐकू नकोस. हार्वर्डमध्ये तिथल्या विद्यार्थ्यांच्या दैनिकाचा तो प्रमुख होता. नंतर फ्लोरिडात वार्ताहरकी केली, टेड बंडीच्या खुनांच्या बातम्या दिल्या. कॅलिफोर्नियात घर फोडलं गेलं तर काही महिने गाडीत झोपला. पुढे कायदा शिकायला परत हार्वर्डला गेला, तेव्हा घरच्या आन्सरिंग मशीनवर रोज एक शेअर सुचवून ठेवायचा. त्याला फोन लावणारे मार्टिन पेरेट्झ नावाचे संपादक ते ऐकून इतके खूश झाले की त्यांनी गुंतवायला पाच लाख डॉलर त्याच्या हातात दिले. मग गोल्डमन सॅक्स, मग १९८७ पासून स्वतःचा हेज फंड. फंडाचा परतावा वर्षाला सरासरी चोवीस टक्के होता असं तो सांगतो. निम्मा धरला तरी आमच्या फोर्टातल्या पुष्कळ दलालांना तो जन्मात जमला नाही.

आता भानगडी. १९९५ मध्ये एका मासिकात त्याने काही लहान कंपन्यांची तारीफ केली. ते शेअर त्याने आधीच घेऊन ठेवले होते. लेख आला, भाव चढले, कागदावर वीस लाख डॉलरचा फायदा दिसला आणि गदारोळ झाला. हे मी फार घोळवत नाही, कारण हा रोग साधा आहे आणि औषधही ठरलेलं आहे. आता त्याची शेअरमधली गुंतवणूक धर्मादाय ट्रस्टमध्ये असते आणि टीव्हीवर ज्या शेअरबद्दल बोलला त्याची खरेदी-विक्री वर्गणीदारांना सूचना दिल्यावर बहात्तर तास थांबून करायची, असा नियम आहे. आपल्याकडेही सेबीचे २०१४ चे नियम आहेत. एखादा शेअर सुचवणाऱ्या विश्लेषकाने आधी तीस दिवस आणि नंतर पाच दिवस त्यात स्वतः व्यवहार करायचा नाही. तरी २०२१ च्या जानेवारीत एका हिंदी अर्थवाहिनीच्या अँकरला सेबीने बाजारबंदी केलीच. कार्यक्रमात सांगायच्या शेअरची घरच्यांच्या खात्यांत आदल्या दिवशी खरेदी आणि दुसऱ्या दिवशी, शो झाल्यावर, विक्री, असा ठपका होता. बीटीएसटी, म्हणजे आज घ्या, उद्या विका. तुझं आणि भावजींचं डिमॅट स्वच्छ ठेव, ताईच्या नावाचंही. एवढं सांगून हा विषय संपवतो.

मला खरं बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर.

२००७ च्या ऑगस्टमध्ये हाच क्रेमर कॅमेऱ्यासमोर फेडवर, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेवर, अक्षरशः किंचाळला. त्यांना काही कळत नाही, बाहेर काय आग लागलीय याची कल्पना नाही, असं हातवारे करत सांगत होता. लोक हसले. वर्षभरात अमेरिकेतल्या बँकांचं जे झालं ते पाहता तो बरोबर होता. मग ११ मार्च २००८, मंगळवार. एका प्रेक्षकाने लेखी विचारलं, बेअर स्टर्न्स या गुंतवणूक बँकेतून मी माझे पैसे काढून घेऊ का? तितक्याच जोरात उत्तर आलं, नाही, नाही, नाही! बेअर स्टर्न्स ठीक आहे, पैसे हलवू नका. त्या दिवशी शेअर साठ डॉलरच्या वर होता. शुक्रवारी निम्मा झाला. रविवारी जेपी मॉर्गनने कंपनी दोन डॉलर भावाने घ्यायचं ठरलं, पुढे ते दहा केले.

क्रेमरचं म्हणणं, प्रश्न तिथे ठेवलेल्या पैशांचा होता, शेअरचा नव्हता. आणि हे खोटं नाही, ज्यांची खाती होती त्यांचे पैसे बुडाले नाहीत. पण घरात बसून ज्याने तो शेअर धरून ठेवला होता, त्याला "ठीक आहे" एवढंच ऐकू आलं. ऑगस्टचा आवाज आणि मार्चचा आवाज एकाच पट्टीतला होता.

वर्षभराने जॉन स्टुअर्ट नावाच्या विनोदी कार्यक्रमवाल्याने त्याला समोर बसवून झाडला. २००६ चा एक व्हिडिओ लावला, त्यात क्रेमर फंडवाले भाव कसे खालीवर करतात ते मिटक्या मारत सांगतोय. स्टुअर्टसमोर बसलेल्या क्रेमरपाशी बटणं नाहीत, बैल नाही, नुसते टेबलावर ठेवलेले हात. तो भाग जरूर बघ. पुढे त्याची चेष्टाच फॅशन झाली. तो सांगेल त्याच्या उलट करणारा एक फंडसुद्धा २०२३ मध्ये निघाला आणि वर्षभरात गुंडाळलाही गेला. म्हणजे उलटं करूनही कोणी श्रीमंत झालं नाही, यात मला थोडं समाधान वाटतं.

आता माझी गोष्ट. तुला ती माहीत नाही, ताईलाही नाही.

२००८ चा जानेवारी, पहिला आठवडा. आमच्या गल्लीतले एक निवृत्त गुरुजी सव्वादहाला ऑफिसात आले. वीजबिलाच्या पाठीवर, शाळेच्या फळ्यावर लिहायचे तशा गोल अक्षरात दोन शेअरची नावं, पुढे टार्गेट, खाली रेघ. ग्रॅच्युइटीचे पैसे होते. मी विचारलं, कोणी सांगितलं? "आत्ता टीव्हीवर सांगितलं." मी टर्मिनलवर ऑर्डर टाकली. दलालीही घेतली.

ती शिफारस मीही सकाळी ऑफिसच्या टीव्हीवर ऐकली होती. अँकरने म्हटलं होतं, इंट्राडेसाठी, स्टॉपलॉस अमुक. पण ते वाक्य इतक्या भरकन गेलं की गुरुजी तेव्हा अजून नाव लिहीत होते. त्याच दिवशी विकायचे ते शेअर त्यांनी डिलिव्हरीत घेतले आणि स्वस्थ बसले. दहा तारखेला सेन्सेक्स एकवीस हजारांच्या वर गेला होता. २१ जानेवारीच्या सोमवारी तो चौदाशे अंकांनी पडला, मंगळवारी उघडताच लोअर सर्किट लागून बाजार तासभर बंद. गुरुजी पुन्हा आले. भांडले नाहीत. बिलाची ती चिठ्ठी पुढे करून म्हणाले, "यात मी काही चुकीचं उतरवून घेतलं का?"

त्या अँकरने खोटं काही सांगितलं नव्हतं. मीही नाही. पण हे पैसे कुणाचे, किती दिवसांसाठी, हे आम्हा दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. त्याला शोमध्ये चार सेकंद होते. माझ्याकडे अख्खी सकाळ होती.

म्हणून तुला एक काम सांगतो, पटलं तर कर. फोनवर कोणी म्हणालं की माझ्याकडे दोनशे शेअर आहेत, तीनशे चाळीसने घेतलेत, काय करू? तर तज्ज्ञाकडे वळण्याआधी तू विचार: हे पैसे तुम्हाला कधी लागणार आहेत? कंट्रोल रूममधून कानात ओरडतील, ब्रेकला जा म्हणून. ओरडू देत. आणि इंट्राडे हा शब्द नावाच्या आधी म्हण, नंतर नको. माणसं नाव ऐकलं की लिहायला वाकतात आणि पुढचं त्यांना ऐकू येत नाही. शिवाय "ठीक आहे" म्हणताना काय ठीक आहे ते पूर्ण वाक्यात सांग. कंपनी, भाव, की ठेव? प्रोड्युसरला कंटाळवाणं वाटेल. क्रेमरचा शो वीस वर्षं चालला तो असल्या वाक्यांवर नाही, हे मलाही कळतं.

दिवाळीला आलीस की बोलू. गुरुजी अजून संध्याकाळी कट्ट्यावर भेटतात, आता कमी ऐकू येतं. भाची टीव्हीवर येणार हे त्यांना कुणीतरी सांगितलंय. कितव्या नंबरवर दिसते, रोज विचारतात. मी अजून सांगितलेलं नाही.

तुझा,
विजूमामा