लढाईस निघण्यापूर्वीं बसून विचार करणारा राजा
(गोव्याच्या मुक्तीवरून एक पाठ)

कोल्हापूर जिल्ह्यांतील चंदगड तालुका ओलांडून तिलारीचा घाट उतरलें म्हणजे गोव्याची सीमा फार दूर राहत नाहीं. त्याच गोव्यांत डिसेंबर १९६१ मध्यें भारताचें सैन्य शिरलें. साऱ्या जगास शांततेचा उपदेश करणाऱ्या पंडित जवाहरलाल नेहरूंनीं शस्त्र कां उचललें, हा प्रश्न आज आम्ही पाठासाठीं घेतला आहे.

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत प्रभूनें एका राजाचा दाखला दिला आहे. आपल्याजवळ दहा हजार माणसें असतां वीस हजारांशीं सामना करतां येईल कीं नाहीं, हें तो राजा आधीं बसून ठरवितो. आणि तें होण्यासारखें नसेल, तर वेळींच वकील पाठवून सलोख्याचें बोलणें लावतो. हा दाखला शिष्यपणाविषयीं आहे खरा, तथापि राज्यकर्त्यांस पारखण्यासही तो उपयोगीं पडतो.

पहिली गोष्ट. सलोख्याची वाट चालून पाहिली काय? भारत १९४७ सालीं स्वतंत्र झाला, परंतु १५१० सालापासून पोर्तुगीजांच्या हातीं असलेला गोवा तसाच राहिला. फेब्रुवारी १९५० मध्यें भारतानें पोर्तुगालाकडे बोलणें लावलें. गोवा ही वसाहत नसून पोर्तुगालाचाच भाग आहे, सबब बोलण्यासारखें कांहीं नाहीं, असा तेथील सत्ताधीश सालाझार ह्यांचा पवित्रा होता. १९५३ सालीं भारतानें लिस्बन येथील वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजीं निःशस्त्र सत्याग्रही सीमा ओलांडूं लागले, तेव्हां त्यांजवर गोळ्या झाडण्यांत आल्या व वीसांहून अधिक माणसें प्राणास मुकलीं. तरीही नेहरूंनीं तेव्हां सैन्य पाठविलें नाहीं. उलट सत्याग्रहींच्या तुकड्या थांबविल्या, आणि व्यापार व दळणवळण बंद करून दबाव आणला.

ह्याच काळांत फ्रान्सनें पांडिचेरीविषयीं बोलणें केलें, आणि १९५४ सालीं तें नगर युद्धावांचून भारताच्या ताब्यांत आलें. आपलें कोल्हापूर संस्थानही १ मार्च १९४९ रोजीं लढाईवांचून मुंबई प्रांतांत विलीन झालें. गोव्याच्या बाबतींत मात्र टाळी एका हातानें वाजेना.

दुसरी गोष्ट. मग १९६१ सालींच निर्णय कां झाला? नोव्हेंबरांत कारवारजवळील अंजदीव बेटावरून भारतीय बोटींवर गोळीबार झाला व एक कोळी मारला गेला. त्याच वर्षीं आफ्रिकेंतील अंगोला येथें पोर्तुगीजांविरुद्ध उठाव झाला होता, आणि भारत कचरतो म्हणून आमची सुटका लांबते, असें तिकडील पुढारी म्हणूं लागले. देशांतही लोक अधीर झाले होते. फेब्रुवारी १९६२ मध्यें निवडणूक होती, आणि तिचाही हिशेब ह्या निर्णयांत होता, असें टीकाकार म्हणत. गोव्यांतील ख्रिस्ती धर्माचें रक्षण हेंही पोर्तुगालाकडून पुढें केलें जाई. परंतु त्रिस्तांव ब्रागांझा कुन्य ह्यांच्यासारखे ख्रिस्ती घराण्यांतील गोवेकरच स्वातंत्र्याच्या चळवळींत अग्रभागीं होते. धर्म कोणा परक्या राजाच्या तोफेवर उभा नाहीं, हें त्यांच्या उदाहरणानें दिसून आलें.

तिसरी गोष्ट. युद्ध जाहीर झालें काय? अमेरिका स्वतंत्र होऊन छत्तीस वर्षें झालीं असतां, १ जून १८१२ रोजीं तेथील अध्यक्ष मॅडिसन ह्यांनीं इंग्लंडाविरुद्धच्या तक्रारी आपल्या विधिमंडळापुढें मांडल्या: इंग्रज आरमार अमेरिकन जहाजांवरील खलाशी धरून नेतें, व्यापार अडवितें. एका सभागृहांत ७९ विरुद्ध ४९ व दुसऱ्यांत १९ विरुद्ध १३ मतें पडून १८ जून रोजीं युद्ध जाहीर झालें. व्यापाराचे जाचक हुकूम इंग्लंडानें त्याच महिन्यांत मागें घेतले. पण ती बातमी समुद्रापार पोहोंचण्यापूर्वींच तलवार उपसली गेली होती. भारतानें गोव्याविषयीं असें युद्ध जाहीर केलें नाहीं. १७ डिसेंबरच्या रात्रीं हालचाल सुरू झाली, आणि दुसऱ्या दिवशीं बेळगांव व दोडामार्ग ह्या बाजूंनीं सैन्य आंत शिरलें. तोंड वेगवेगळें असलें तरी तलवार एकच. तिचा जाब देणाऱ्यास द्यावाच लागतो. सुरक्षा समितींत अनेक राष्ट्रांनीं भारतास दोष दिला, आणि रशियाच्या नकाराधिकारामुळेंच ठराव अडला. शांततेचा पुरस्कर्ता म्हणून नेहरूंचें जें वजन होतें, तें पाश्चात्य देशांत घटलें.

चौथी गोष्ट. दाखल्यांतील दुसरा राजा कोण? आम्हांस तो गोव्याच्या गव्हर्नरांत दिसतो. शरण न जातां शेवटपर्यंत लढा, अशी सालाझार ह्यांची आज्ञा होती. परंतु गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्व्हा ह्यांच्याजवळ तीन-चार हजार शिपाई, आणि समोर त्याच्या कित्येक पट सैन्य. त्यांनीं हिशेब केला, आणि १९ डिसेंबरच्या सायंकाळीं शरणागतीवर सही केली. भारताचे सुमारे २२ व पोर्तुगालाचे सुमारे ३० लोक पडले. आज्ञा पाळली असती तर किती पडते, हें ज्यानें त्यानें मनाशीं योजावें. मायदेशीं त्यांना लष्करांतून काढून टाकण्यांत आलें, आणि १९७४ सालीं ती राजवट कोसळल्यानंतरच त्यांचा मान त्यांस परत मिळाला.

आमचें मत थोडक्यांत असें. नेहरू चौदा वर्षें थांबले, हें त्यांच्या पदरीं घालावें. परंतु न्याय्य कारणासाठीं सांडलेलें रक्तही रक्तच असतें, हें विसरूं नये. मेलेल्या शिपायांच्या आया दोन्ही देशांत रडल्या. शेताच्या बांधावरून वा विहिरीच्या पाळीवरून आपल्या गांवीं भांडण उठतें, तेव्हां कोर्टाची पायरी चढण्यापूर्वीं आपण किती वेळां शेजाऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसलों?

मंडळींत विचारण्याचे प्रश्न:
१. १९५५ च्या गोळीबारानंतर नेहरूंनीं सैन्य कां पाठविलें नसावें?
२. पांडिचेरी व गोवा ह्यांच्या गोष्टींत भेद कोणता?
३. वरिष्ठाची आज्ञा मोडून गव्हर्नरानें बरें केलें काय? कां?