घड्याळाची साखळी, गळ्यातली साखळी
(द्वितीय वर्ष, कला)

'जुने ते सोने' असे आपण सहज म्हणून जातो. पण जुन्या चांदीचे काय? हा प्रश्न मला गेल्या जून महिन्यात पडला. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. फीचे पैसे कमी पडले, तेव्हा आजीने गळ्यातली साखळी काढून अण्णांच्या हातावर ठेवली. सराफाने ती काट्यात टाकली व म्हणाला, "चार तोळे भरते. इंग्रजी चांदी आहे, आटवावी लागेल."

पणजोबा रेल्वेत खलाशी होते. १९४७ साली विलायतेला परतताना साहेबाने त्यांना खिशातले घड्याळ साखळीसह बक्षीस दिले. घड्याळ पुढे बंद पडले. साखळी मात्र पणजीच्या व तिच्यामागून आजीच्या गळ्यात राहिली.

आटणीला देण्यापूर्वी मी दोन दिवस मागून घेतले आणि वाचनालयात बसले. तेथे जे कळले ते थोडक्यात असे.

अशा साखळीला इंग्लंडात 'अल्बर्ट' म्हणतात. व्हिक्टोरिया राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट (१८१९–१८६१) यांच्यावरून हे नाव पडले. साखळीच्या एका टोकाला 'टी' अक्षरासारखी दांडी असते; ती वासकटाच्या काजात अडकवायची. दुसऱ्या टोकाच्या फिरत्या आकड्यात घड्याळ अडकवून ते खिशात ठेवायचे. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) सैनिकांना हात मोकळे हवे होते, म्हणून मनगटी घड्याळे रूढ झाली. खिशातली घड्याळे मागे पडली, साखळ्या पेटीत गेल्या आणि पुढे बायकांनी त्या गळ्यात घातल्या. एकेरी साखळी बहुधा गळ्याला आखूड पडते. आमच्या पणजीने तिला मागे काळा दोरा जोडला होता. विलायतेतली फॅशन तिला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते!

आता चांदीविषयी. शुद्ध चांदी मऊ असते. म्हणून हजार भागांत ९२५ भाग चांदी व उरलेले बहुधा तांबे घालतात. हीच 'स्टर्लिंग' चांदी. तिची पारख सरकारमान्य कचेरीत होऊन ठसे उमटतात. चालता सिंह म्हणजे स्टर्लिंग. नांगर म्हणजे बर्मिंगहॅम, जिथली पारख-कचेरी १७७३ साली सुरू झाली. बिबट्याचे तोंड म्हणजे लंडन. शेजारचे अक्षर साल सांगते. चांगल्या साखळीत कडीकडीवर सिंह असतो, त्यामुळे मध्येच हलकी कडी घातली तर ओळखू येते.

भिंगातून पाहिले तो काय! आमच्या साखळीच्या प्रत्येक कडीवर सिंह, दांडीवर नांगर. सालाचे अक्षर मात्र दोघींच्या गळ्यावर घासून गुळगुळीत झालेले. आटवली असती, तर चार तोळे चांदीचे पैसे मिळाले असते. पण सिंह, नांगर आणि ते घासलेपण मुशीत गेले असते.

मी आजीला हे सारे सांगितले. ती म्हणाली, "ठसे मला वाचता येत नाहीत बाई. तू वाचलेस, माझी साखळी फिटली."

फी मी 'कमवा आणि शिका' योजनेत काम करून हप्त्यांनी भरते आहे. साखळी आजीच्या गळ्यात आहे. वाचकहो, आपल्या घरातला जुना डाग मोडीत काढण्यापूर्वी एकदा भिंगाखाली धरून पाहा, एवढीच विनंती.