बायबल : काही मूलभूत प्रश्न व त्यांचा अर्थविचार

बायबल वाचावयास घेणाऱ्या भारतीय वाचकापुढे काही प्रश्न हमखास उभे राहतात. ते केवळ श्रद्धाळूंचे नसतात; भाषेचा वा साहित्याचा अभ्यासक म्हणून या ग्रंथाकडे वळणाऱ्यालाही ते टाळता येत नाहीत. त्यांपैकी चार प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

१. बायबल हा एकच ग्रंथ आहे काय?

'बिब्लिया' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'पुस्तके' असा आहे. बायबल हा ग्रंथसंग्रह असून त्यात विधिनियम, इतिहास, स्तोत्रे, नीतिसूत्रे, प्रेमगीते, दाखले आणि पत्रे एकत्र आली आहेत. ही रचना अनेक शतकांची आहे. जुना करार मुख्यतः हिब्रू भाषेत आहे. एज्रा व दानीएल यांतील काही भाग अरामी भाषेत आहे. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातील, तर नव्या करारातील वचनांचे क्रमांक रॉबेर एस्तिएन याने १५५१ मध्ये घातलेले आहेत. मूळ लेखकांना हे तुकडे अभिप्रेत नव्हते. म्हणून एकच वचन संदर्भातून सुटे काढून त्यावर सिद्धान्त उभारणे युक्त ठरत नाही. प्रथम तो भाग काव्य आहे, कायदा आहे की पत्र, हे पाहावे लागते.

२. ग्रंथांची संख्या भिन्न का?

प्रॉटेस्टंट पंथीयांच्या बायबलात ६६ ग्रंथ आहेत, तर रोमन कॅथलिकांच्या बायबलात ७३. नव्या करारातील २७ ग्रंथ दोघांनाही मान्य आहेत. भेद आहे तो जुन्या करारातील सात ग्रंथांचा. हे ग्रंथ प्राचीन ग्रीक भाषांतरपरंपरेत होते, परंतु यहुद्यांच्या हिब्रू ग्रंथसंग्रहात नव्हते. ल्यूथरने १५३४ च्या जर्मन बायबलात त्यांना वेगळे स्थान दिले; १५४६ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने त्यांचे प्रामाण्य निश्चित केले.

३. 'करार' या शब्दाचा आशय कोणता?

हिब्रू 'बरीथ' म्हणजे दोन पक्षांना बांधणारा करार. येथे ते पक्ष देव आणि त्याची प्रजा हे होत. ग्रीकमध्ये त्यासाठी योजलेल्या 'दियाथेके' या शब्दाला मात्र 'मृत्युपत्र' असाही अर्थ आहे, आणि इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या नवव्या अध्यायातील युक्तिवाद या दुहेरी अर्थावरच आधारलेला आहे. मराठी 'करार' हा व्यवहारातील शब्द हिब्रू आशयाच्या जवळ जातो, पण मृत्युपत्राची छटा त्यात उरत नाही. फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या ख्रिस्तपुराणात निराळा मार्ग धरला. त्यांनी भाषांतर न करता दहा हजारांहून अधिक ओव्यांत बायबलकथा सांगितली, आणि तिचे दोन भाग 'पुराण' म्हणूनच श्रोत्यांपुढे ठेवले.

४. भाषांतराने अर्थ बदलतो काय?

यशयाच्या सातव्या अध्यायात 'अल्मा' हा हिब्रू शब्द येतो. त्याचा अर्थ विवाहयोग्य तरुण स्त्री. ग्रीक भाषांतरकारांनी तेथे 'पार्थेनोस', म्हणजे सामान्यतः कुमारिका, हा शब्द घातला. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या जन्मप्रसंगी ते वचन याच ग्रीक रूपात उद्धृत झाले. यहुदी आणि ख्रिस्ती विद्वानांत शतकानुशतके चाललेल्या वादाचे मूळ या एका शब्दात आहे. मराठी 'कुमारी' शब्दात वय आणि कौमार्य या दोन्ही छटा मिसळलेल्या असल्याने मराठी वाचकाला हा वाद सहसा जाणवतही नाही. एका शब्दाने येथे वादच झाकून टाकला आहे.

भाषांतरकाराची जबाबदारी केवढी असते हे यावरून ध्यानात यावे. पंडिता रमाबाई संस्कृतच्या विदुषी होत्या. तरी हिब्रू व ग्रीक यांचा अभ्यास करून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले ते सामान्य स्त्रियांना समजेल अशा साध्या भाषेत. हे काम त्यांनी १९२२ मधील मृत्यूपर्यंत केले. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. शास्त्राचा अर्थ सांगणारा मध्यस्थ न शोधता वाचकाने स्वतः मजकुराशी भिडावे, ही अपेक्षा त्यामागे होती. बायबलविषयक प्रश्नांची उत्तरे शोधणाऱ्यानेही प्रथम मजकुराकडे, मग मूळ शब्दाकडे आणि त्यानंतरच मताकडे वळणे श्रेयस्कर होय.